चार बधिर पावलं

माझ्या सासऱ्यांना मी आवडत नाही, आणि मला ते आवडत नाहीत. लग्नाला पाव शतक उलटलं, मुलगी शिकून सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तिथेच मैत्रिणींबरोबर राहूही लागली, तरी आम्हा दोघांचं हे प्रकरण जिथल्या तिथे आहे. चेन्नईच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो त्याचं नाव आवडी. आवडीतला नावडता जावई, असं मी साताऱ्याला भावाला फोनवर सांगतो तेव्हा तो पोट धरून हसतो. त्याला हसायला काय जातं, तो तिकडे आहे.

घर सासऱ्यांचं. सासूबाई गेल्या, ते एकटे पडले, तेव्हा बायकोने माझं मत विचारल्यासारखं केलं आणि आम्ही भाड्याचं घर सोडून इथे आलो. मी ओरगडमच्या ट्रक कारखान्यात. आवडीहून कंपनीची बस गाठायची तर उजाडायच्या आत उठावं लागतं, हे मी तिला सांगून पाहिलं. "अप्पा एकटे आहेत," ती म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते. एकदा उत्तर आलं की पुन्हा फळा पुसत नाही.

अप्पांची सगळी नोकरी इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली. रणगाड्यांवर हात फिरवलेल्या माणसाला ट्रक म्हणजे खेळणं वाटतं. त्यात ते तंजावरचे. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या मागोमाग दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. "आम्ही राज्याबरोबर आलों," ते म्हणतात, "तुम्ही कंपनीनं बोलावलं मणून आलांत." त्यांची मराठी जुनी, 'कोठें' आणि 'नक्को'ची, आणि वाक्य संपताना सूर तमिळसारखा वर जाणारा. माझी मराठी त्यांना बाजारी वाटते. मला ते अहोजाहो करतात आणि 'माप्पिळ्ळै' म्हणून हाक मारतात. तमिळमध्ये जावयाला तसंच म्हणतात आणि त्यात मान असतो. अप्पा तो शब्द असा उच्चारतात, की मान तेवढा गळून पडतो आणि नुसतं ओझं उरतं. मी त्यांना हाकच मारत नाही. काम असेल तर समोर जाऊन उभा राहतो.

आमच्या घरात भांडायला कारण लागत नाही. मी पंखा लावला की ते बंद करतात. त्यांनी बातम्या लावल्या की मी आवाज कमी करतो. मला चहा लागतो, आणि या घरात चहा करणं म्हणजे पाप असल्यासारखे ते फिल्टरच्या कॉफीचा डबा समोर आणून ठेवतात, जरा आपटूनच. दोघांच्याही गोळ्या मात्र एकाच टोपलीत असतात. दोघांनाही शुगर. त्यांना फार जुनी, मला मुलगी शाळेत होती तेव्हापासूनची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, अग्निनक्षत्राच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी पेपरवरून आमचं वाजलं. रविवार होता. पेपर आधी कोणी वाचायचा, एवढंच. अप्पा तणतणत बाहेर पडले आणि देवळात जाऊन बसले. परत येताना भर दुपारी त्यांनी देवळाभोवती प्रदक्षिणा घातल्या. देवळातलं अंगण दगडी. त्या वेळी तिथे पाऊल टाकणारे लोक चटके बसतात म्हणून पळत सावली गाठतात. अप्पा सावकाश चालत राहिले असणार.

ते घरी आले, ओसरीवर चपला काढल्या आणि आत आले. बायकोने पाण्याचा तांब्या दिला आणि खाली पाहिलं. लाल फरशीवर ओली पावलं उमटली होती.

"अप्पा, पाय धुऊन आलात?"

"नाही. पाणी कोठें आहे बाहेर."

तिने त्यांना खुर्चीवर बसवून पाय उचलला. तळव्याची कातडी पांढरी फटक होऊन सुटली होती, आणि फोड फुटून त्यातलं पाणी गळत होतं. दुसऱ्या पायाचंही तेच. तिच्या हातातून तो पाय सुटला आणि फरशीवर आपटला. मी पेपर खाली ठेवला. अप्पांचा चेहरा कोरा. आम्ही दोघं का घाबरलो आहोत, हे त्यांना कळत नव्हतं.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"काल् मरत्तु पोच्चु," ते म्हणाले. म्हणजे पाय बधिर झालेत. "केव्हाचेच. तुम्हांस काय त्याचं?"

माझ्या मराठी कानाला ते 'मरत्तु' फार वाईट ऐकू आलं.

दवाखान्यात मीच नेलं. दुसरं कोण नेणार. डॉक्टरांनी जखमा धुऊन बांधल्या, आणि मग पायाचा जो भाग उघडा राहिला होता तिथे तपासायला घेतलं. एक बारीक नायलॉनचा ताठ धागा होता. "डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." अप्पांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांचा हात पुढे जायच्या आधीच म्हणाले, "हो." थोड्या वेळाने पुन्हा, "हो." डॉक्टरांनी अजून धागा लावलाच नव्हता. मला हसू आवरेना. इतकी वर्षं ज्या माणसाने मला प्रत्येक गोष्टीत खोटं पाडलं, तो इथे चक्क कॉपी करत होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हालाही शुगर आहे ना? बूट काढा. आलाच आहात तर बघून टाकू."

मी ऐटीत बूट काढले, मोजे काढले, डोळे मिटले आणि वाट पाहत बसलो. पंख्याची घरघर ऐकू येत होती. बराच वेळ झाला तरी काही होईना, तेव्हा मी म्हणालो, "करा ना सुरू."

"झालं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पायांचं झालं."

मी डोळे उघडले तर अप्पा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या म्हाताऱ्या तोंडावर एवढा आनंद मी माझ्या लग्नापासून पाहिला नव्हता.

मज्जातंतूंना इजा झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलेली संवेदना परत येईल असा भरवसा देता येत नाही. पण बधिर पायातले बारीक स्नायू वापर नसल्याने लुळे पडतात, सांधे आखडतात, माणूस तोल जाऊन पडतो आणि नको तिथे भार येऊन जखमा होतात. ते थोपवता येतं. शेजारच्या खोलीतल्या फिजिओथेरपिस्ट बाई तरुण होत्या आणि त्यांना आमच्यातल्या वैराशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी खुर्चीवर बसून करायचे व्यायाम दाखवले: बोटं फाकवायची, आत मुडपायची, घोटे गोल फिरवायचे, पंजा पुढे ताणायचा, मागे ओढायचा, जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी आपल्याकडे गोळा करायचा. मग खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. आधाराला धरून एका पायावर उभं राहायचं. रोज तळवे बघायचे. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपायचं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा.

"आणि पायावर जखम असेल तर काही करायचं नाही. आधी मला दाखवायचं," त्या अप्पांच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुम्ही अजून नाही. हे मात्र आजपासून."

हे म्हणजे मी.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. संध्याकाळी कारखान्यातून यायचं, हातपाय धुवायचे आणि हॉलमध्ये खुर्चीवर बसून पायाची बोटं फाकवायची. बोटं फाकतच नव्हती. मी डोक्यातून हुकूम सोडायचा आणि खाली ती पाचही बोटं ढिम्म. स्वतःच्या पायाचा असा राग मला आधी कधी आला नव्हता. कारखान्यात माझ्या हाताखाली माणसं आहेत, सांगितलं की काम होतं. इथे करंगळी माझं ऐकत नव्हती.

आणि समोर अप्पा. पट्ट्या बांधलेले पाय स्टुलावर ठेवून, हातात कॉफी घेऊन.

"हललं नाही," ते म्हणायचे.

"हललं."

"अंगठा हलला. बाकी झोपलींत."

"तुम्ही टीव्ही बघा ना."

"टीव्हीचा आवाज तुम्ही कमी केलांत. मग हेंच बघतों."

मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन करू लागलो, तर ते काठी टेकत तिथे आले. बायकोने त्यांना चालू नका म्हणून दटावलं, आणि मला म्हणाली, "तुम्ही हॉलमध्येच करा. ते तुमच्या मागे मागे फिरतात." म्हणजे त्यातही चूक माझी.

त्यांच्या जखमा भरून यायला पावसाळा उजाडला. बाईंनी परवानगी दिली आणि बायकोने फर्मान काढलं: रोज सकाळी ती शाळेला जायच्या आधी, दोघांनी, हॉलमध्ये, तिच्या डोळ्यांसमोर. माझी तेव्हा कंपनीत दुपारची पाळी होती, त्यामुळे सबब चालेना. तिने दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. मी म्हणालो, शेजारी ठेव. ती म्हणाली, शेजारी ठेवल्या तर मला दोघांचे पाय एकदम दिसत नाहीत.

असे आम्ही समोरासमोर बसलो. मध्ये फरशीवर एक पंचा. त्यांनी त्यांच्या बाजूने गोळा करायचा, मी माझ्या. पंचे दोन होते, पण दुसरा वाळत होता, म्हणून त्या दिवशी एकच घेतला. पहिल्याच दिवशी मी ओढला तसा तो त्यांच्या पायाखालून सरकला. त्यांनी वर पाहिलं. मग त्यांची ती सुरकुतलेली, वाकडी झालेली बोटं पंच्यावर घट्ट बसली आणि पंचा त्यांच्याकडे निघाला. मी धरला. त्यांनी ओढला. आम्ही एकमेकांकडे न बघता, दात आवळून, बधिर बोटांनी तो पंचा खेचत राहिलो. बायको डबा भरायचा सोडून बघत राहिली.

"हे असं सांगितलं होतं का त्यांनी?"

"यांस सांग," अप्पा म्हणाले.

"त्यांना सांग," मी म्हणालो.

दुसरा पंचा वाळला तरी आम्ही तो घेतला नाही. खरं सांगायचं तर या एका भांडणासाठी मी सकाळी उठायचो. माझ्या तब्येतीची काळजी म्हणून मी एकही व्यायाम केला नसता. अप्पांकडे पंचा जाऊ द्यायचा नाही म्हणून केला. तेही तसेच. बायको शाळेत गेल्यावरही ते खुर्चीत बसून एकटेच बोटं मुडपत असायचे. मी आलो की थांबायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

टाचा उचलण्याच्या व्यायामात आमचं बिघडलं. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं, सावकाश खाली. एके दिवशी बायको लवकर गेली होती. अप्पांनी टाचा उचलल्या आणि मला म्हणाले, "लहान मुलासारखं काय धरून उभे राहतां? आमच्या कारखान्यांत माणसं हात मोकळे ठेवून रणगाड्यावर चढायचीं."

"तुम्ही सोडा मग हात."

"मी म्हातारा. तुम्ही सोडा."

मी सोडले. टाचा उचलल्या. पायाखाली जमीन आहे की नाही हे मला माझ्या तळव्यांनी सांगायला हवं होतं, आणि ते काही सांगत नव्हते. खोली एका बाजूला कलली असं वाटलं. मग मी टीपॉयवर होतो आणि मनगट अंगाखाली. अप्पा खुर्चीला धरून उभे. हात द्यायला पुढे आले नाहीत. शहाणपणाच केला, तेही पडले असते. पण तोंड बंद ठेवायला काही हरकत नव्हती.

"पडलांत?" ते म्हणाले.

मी कण्हत उठून बसलो आणि त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी तमिळमध्ये उत्तर दिलं. ते शब्द मला येत नव्हते, पण अर्थ कळायला अडचण आली नाही.

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. संध्याकाळी बायकोने आम्हा दोघांना शाळेतल्या पोरांसारखं समोर उभं केलं. "तुम्ही दोघं एकमेकांना मारून टाका," ती म्हणाली, "पण माझ्या घरात नको." अप्पा पुटपुटले, घर माझं आहे. "तुमच्याही घरात नको," ती ओरडली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या रात्री कोणी जेवलं नाही. नंतर व्यायाम चालू राहिले, पण बोलणं बंद झालं. पंचाही आपापला आला.

तळवे बायको रोज सकाळी बघायची. अप्पांच्या डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि माझं पोट मला तळव्यापर्यंत वाकू देत नाही. आरसा खाली ठेवून मी प्रयत्न केला, पण आरशात मला माझा वैताग तेवढा दिसायचा. मग दिवाळीनंतर मुलीला सिरुसेरीला कांजिण्या झाल्या. बायको रजा काढून तिच्याकडे राहायला गेली. जाताना दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकमेकांचे पाय बघायचे. रोज. मी फोन करून विचारणार."

मी अप्पांचे तळवे बघितले. मला त्यात कमीपणा वाटला नाही, राग मात्र आला. कारण ते पाय असा पुढे करायचे, जणू मी न्हावी आहे. माझे मी दाखवले नाहीत. बायकोने फोनवर विचारलं की सांगायचो, ठीक आहे सगळं. मला ते ठीकच वाटत होतं.

कंपनीने त्याच आठवड्यात नवे सेफ्टी बूट दिले होते. पुढे लोखंडी टोपी असलेले, जड. मी पाळीच्या गडबडीत पाय घातले आणि निघालो.

थोड्या दिवसांनी सकाळी अप्पा नाक वर करून घरभर फिरू लागले. "काहीं तरी मेलं आहे," ते म्हणाले. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्यांनी गॅसच्या मागे बघितलं, कपाटाखाली काठी घालून उंदीर शोधला. मी व्यायामाला बसलो. ते माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"मोजे काढा."

"का?"

"काढा मणतों ना."

"तुम्हाला काय करायचंय?"

तेव्हा अप्पा खाली बसले. ऐंशी ओलांडलेला माणूस खुर्चीच्या दांड्याला धरून, गुडघ्यांचा कडकड आवाज करत, फरशीवर बसला आणि त्याने माझा पाय धरला. मी ओढला. त्यांनी टाच घट्ट पकडली. "हलूं नक्को!" ते खेकसले. अहोजाहो गळून पडलं होतं.

माझ्या लग्नात जावयाचे पाय धुवायला हे आले नव्हते. पोटात दुखतं म्हणून कार्यालयाच्या खोलीत जाऊन झोपले होते, आणि माझे पाय बायकोच्या चुलत्याने धुतले होते. माझी आई मरेपर्यंत ते विसरली नाही. मीही विसरलो नव्हतो. आणि आता तेच हात माझा मोजा सोलून काढत होते, नाक मुरडून, तोंडाने शिव्या देत.

त्यांनी पाय उजेडाकडे वळवला, डोळे बारीक केले, नाक जवळ नेलं. मग म्हणाले, "करंगळी काळी आहे."

"बूट घासला असेल."

"काळी आहे, आणि खालून पू येतो आहे. मूर्ख माणसा, तुझा पाय सडला!"

मला काही दुखत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की देवळातून आल्यावर त्यांनी आम्हाला जे सांगितलं होतं तेच मी सांगत होतो, हे माझं मलाच कळलं.

ते माझ्या खांद्यावर भार देऊन उठले. मला बूट घालू दिला नाही. फाटकाबाहेर जाऊन त्यांनी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याशी घासाघीस न करता आत बसले, जे मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या रस्त्याने आम्ही भांडलो. मी म्हणालो, दुपारी पाळी आहे, उद्या दाखवतो. ते म्हणाले, उद्या गुडघ्यापासून कापतील. मी म्हणालो, तुम्हाला बरंच वाटेल. ते म्हणाले, "वाटेल. पण माझी मुलगी एका पायाच्या माणसाची चाकरी करील, तें मला नक्को."

बुटाच्या आत, करंगळीपाशी, शिलाईची एक टणक गाठ निघाली. मी सुरुवातीला हात घालून चाचपलं असतं तर एका क्षणात सापडली असती. हाडापर्यंत गेलं होतं. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर एवढ्यावर भागलं नसतं. अप्पा तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांनी डॉक्टरांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मला नीट ऐकू जावं म्हणून.

बायको मुलीकडून धावत आली. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि कोणावर आधी ओरडावं ते तिला ठरवता येईना. शेवटी भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला म्हणालो, करंगळीच तर गेली. ती म्हणाली, "फोनवर रोज ठीक आहे म्हणत होता तुम्ही." मी पायावरचं पांघरूण ओढून घेतलं. अप्पांच्या तोंडावर टोमणा आला होता, पण त्या दिवशी त्यांनी तो गिळला.

जखम भरेपर्यंत मी घरी होतो. पायावर भार नाही, व्यायाम नाही. आता स्टुलावर पाय माझे होते आणि समोरच्या खुर्चीत अप्पा बोटं मुडपत होते. मीही त्यांना सोडलं नाही. "डावा घोटा फिरत नाही," मी म्हणायचो. "तुमचा तरी कोठें फिरतो," ते म्हणायचे. बाईंनी पुन्हा सुरू करायला सांगितलं तेव्हा नव्याने शिकावं लागलं. करंगळी नसली की एका पायावर उभं राहताना शरीर बाहेरच्या बाजूला पडायला बघतं. तिचं काम काय होतं, हे ती गेल्यावर कळलं. भिंतीपाशी कोपऱ्यात उभा राहून, दोन्हीकडे हात टेकायला जागा ठेवून मी ते शिकलो.

"तुमचीं नऊ, माझीं दहा," अप्पा पहिल्याच सकाळी म्हणाले, आणि पुन्हा एकच पंचा मध्ये टाकला. त्या दिवशी पंचा त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो घडी घालून मांडीवर ठेवला.

कारखान्यात मला आता गुणवत्ता विभागात बसून करायचं काम दिलं आहे. दिवसभर हिंडावं लागत नाही. बूट मी हात घालून चाचपतो, मोजे पांढरे वापरतो, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तो धागा पुन्हा लावला. काही बदल नव्हता. माझ्या पायांत नाही, अप्पांच्याही नाही.

"मग हें सगळं कशाला?" अप्पांनी बाईंना विचारलं.

"मागच्या वेळी तुम्ही काठीशिवाय या खोलीत आला नव्हतात," त्या म्हणाल्या. "आज काठी कुठे आहे?"

काठी घरी होती. अप्पांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे मात्र पडले होते. लिहून घ्या."

बायकोला वाटतं की त्या करंगळीच्या प्रकरणानंतर आमच्यात काहीतरी बदलायला हवं होतं. ती मला आडून आडून सुचवते, अप्पांना एकदा तरी आभाराचं बोला. मी बोललो नाही. त्यांनी माझा पाय वाचवला, हे खरं. त्यानंतर शेजारच्या, रस्त्यावरच्या, देवळातल्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं, आणि सांगताना माझा उल्लेख "तो मूर्ख" असा केला, हेही खरं. दोन्ही एकाच माणसाने केलं. एकाबद्दल आभार मानायचे तर दुसरं पदरात घ्यावं लागतं, आणि ते मला जमत नाही.

गेल्या महिन्यात मी ओसरीच्या पायऱ्यांना वेल्डरकडून स्टीलचा कठडा बसवून घेतला. दोघांचेही पाय असे, पावसात त्या पायऱ्या गुळगुळीत होतात, म्हणून. अप्पा देवळातून आले आणि फाटकातच थांबले.

"हें काय?"

"कठडा. धरायला."

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? पडाल कधीतरी."

"घर माझं आहे," ते म्हणाले. "पाय माझे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कठड्याच्या टोकाला आपली ओली छत्री वाळत टाकली, आणि तेवढाच त्याचा उपयोग केला. संध्याकाळी कारखान्यातले जुने सोबती स्टेशनाबाहेरच्या बाकावर जमतात, तिथे ते रोज चालत जातात. निघताना मी ओसरीवर असतो. त्यांना ते माहीत असतं. ते चपलांचे पट्टे आवळतात, वेष्टीचं, म्हणजे इथल्या धोतराचं, टोक एका हातात धरतात आणि दुसरा हात मुद्दाम मागे कमरेवर ठेवतात. कठड्याला न शिवता एकेक पायरी उतरतात, प्रत्येक पायरीवर आधी टाच, मग बोटं, बाईंनी शिकवलं तसं. माझा हात नकळत पुढे होतो आणि त्याचाही मला राग येतो. फाटकापाशी ते वळतात, मी बघतोय याची खात्री करून घेतात, आणि स्टेशनकडे चालू लागतात.